मर्यादेचं देणं

कार्बन आयनच्या किरणोपचारात निरोगी अवयवाला किती मात्रा सोसते, या प्रश्नाशी माझी गाठ आडवाटेनंच पडली. भारतात कार्बनचं उपचारकेंद्र अजून नाही. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात लिनॅकवर, म्हणजे एक्स-रेनं उपचार करणाऱ्या यंत्रावर, काम करणारी मेडिकल फिजिसिस्ट. कार्बनचा एकही पेशंट मी स्वतः प्लॅन केलेला नाही. तरीही माझ्या कामात जी काही समज आली असेल ती या विषयानं दिली. ज्या माणसांच्या शरीरावर या मर्यादा ठरल्या त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. त्यांचं देणं मात्र रोज समोर असतं, म्हणून हे लिहिते आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिओलॉजिकल फिजिक्सच्या पदविकेला मी अणुशक्तीनगरला होते, तेव्हा मर्यादांचा तक्ता हा माझ्या लेखी पाठांतराचा विषय होता. मात्रा मोजायची ती ग्रेमध्ये: मज्जारज्जू 50 ग्रे, ब्रेनस्टेम 54, ऑप्टिक नर्व्ह 55. एमामी आणि सहकाऱ्यांचा 1991 चा तक्ता आणि 2010 मधले क्वांटेक या आढाव्याचे निबंध आम्ही परीक्षेसाठी घोकत असू. पाण्याचा उत्कलनबिंदू जसा ठरलेला, तसा नसेचा सहनबिंदूही ठरलेला असणार, असंच मी धरून चालले होते. आमच्या एका सरांनी एकदा वर्गात विचारलं, "हे आकडे मोजलेले आहेत की ठरवलेले?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की 1991 च्या तक्त्यातले बरेचसे आकडे अनुभवी डॉक्टरांनी एकत्र बसून, आपापले पेशंट आठवून, मिळेल त्या माहितीवर ठरवले होते. त्या दिवशी मला ते ऐकून थोडा अविश्वासच वाटला. शास्त्रात असं चालतं का, असं मनात आलं. सरांना काय म्हणायचं होतं ते कळायला फार वर्षं गेली.

नोकरीला लागल्यावर प्लॅनिंगच्या संगणकानं माझं अज्ञान आणखी पक्कं केलं. डॉक्टर गाठ आणि अवयव आखून देतात, आपण किरणांची रचना करतो, आणि शेवटी अवयवांची यादी समोर येते. मर्यादा पाळली असेल तर हिरवं, मोडली असेल तर लाल. सगळं हिरवं दिसलं की मी समाधानानं प्लॅन पुढे सरकवायची. त्या हिरव्याच्या अलीकडे-पलीकडे कोण उभं असेल हा विचार मला शिवत नसे.

आणि खरं तर तो विचार माझ्या घरातच होता. मी शाळेत असताना माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला. गावाकडे किरणोपचाराला शेक म्हणतात. शेक घ्यायला ती मामाबरोबर एसटीनं शहरात जायची. कोबाल्टचं मशीन होतं, सीटी स्कॅनवर आखणी करण्याचे ते दिवस नव्हते. कॅन्सर बरा झाला. पण पुढे काही काळानं तिला शौचावाटे रक्त जायला लागलं, आणि ते कमी-जास्त होत राहिलं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर मावशी आधी संडास कुठे आहे ते विचारायची, आणि साडी कायम गडद रंगाचीच नेसायची. आम्हा मुलींना त्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. मी फिजिसिस्ट झाल्यावर एकदा तिनंच सांगितलं, "शेकानं आतडं भाजलंय, दुसरं काही नाही. जीव राहिला ना, मग एवढं सोसायचं." यात कुणाचा दोष होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. गाठ आणि गुदाशय यांच्यात बोटभर अंतर नसतं. पण गुदाशयाची मर्यादा पाठ असलेल्या मला, माझ्या मावशीचा गुदाशय आणि तक्त्यातला गुदाशय एकच आहे हे उमगलं नव्हतं.

कार्बनचा विषय आला तो एका चर्चासत्रात व्याख्यान द्यायचं म्हणून. त्यासाठी वाचायला बसले आणि पहिल्यांदा अडखळले ते न्यूट्रॉनपाशी. 1938 ते 1943 या काळात बर्कलेला लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनवर रॉबर्ट स्टोन यांनी दोनशेहून अधिक पेशंटना न्यूट्रॉनचे किरण दिले. मात्रा ठरवताना त्यांनी आधार घेतला तो कातडीच्या तात्काळ प्रतिक्रियेचा. कातडी सोसतेय म्हणजे आतलंही सोसेल, असं धरलं गेलं. पण न्यूट्रॉनचा परिणाम वेगवेगळ्या पेशीजालांवर वेगवेगळा होतो, आणि जी पेशीजालं उशिरा बिघडतात त्यांच्यावर तो अधिक होतो, विशेषतः मात्रा लहान लहान भागांत वाटून दिली तर. हे कळेपर्यंत पेशंटच्या शरीरात कठीण, न भरणाऱ्या जखमा तयार झाल्या होत्या. स्टोन यांनी ते झाकलं नाही. आपल्याच उपचाराचे उशिराचे परिणाम इतके वाईट आहेत की तो पुढे चालू ठेवू नये, असं त्यांनी 1948 साली छापून सांगितलं. मला त्या लेखाबद्दल फार आदर आहे. आपलं काम थांबवा असं सांगायला जे लागतं ते त्या माणसापाशी होतं.

कार्बनची गोष्ट तिथूनच पुढे जाते. कार्बनचा आयन शरीरात शिरताना कमी ऊर्जा सोडतो आणि थांबण्याच्या जागी, ब्रॅग शिखरात, एकदम भरपूर सोडतो. त्यामुळे खोलवरच्या गाठीवर नेम धरता येतो. पण शिखरापाशी त्याचा मारा इतका दाट असतो की तेवढ्याच ग्रेचा जैविक परिणाम एक्स-रेच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. हायडेलबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूवर ते मोजलं. मात्रा 18 भागांत वाटली तेव्हा किरणाच्या सुरुवातीच्या पठारी भागात एक्स-रेच्या तुलनेतलं हे गुणोत्तर दीडच्या आसपास होतं, आणि शिखरात पाचाच्या आसपास. अवयव तोच, आयन तोच, फक्त किरणाच्या वाटेवरची जागा वेगळी. म्हणजे नस किती ग्रे सोसते या प्रश्नाला, कुठले ग्रे हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही. माझ्या हिरव्या-लाल यादीला पहिला तडा गेला तो इथे.

पुढे चिबाला प्रशिक्षणवर्गासाठी जायची संधी मिळाली. टोकियोजवळच्या या शहरात जपानच्या राष्ट्रीय संस्थेनं उपचारासाठी बांधलेला हायमॅक हा जड आयनांचा प्रवेगक आहे. जून 1994 मध्ये तिथे कार्बनचा पहिला पेशंट घेतला गेला, आणि हिरोहिको त्सुजी यांच्या नेतृत्वाखाली एकेका कॅन्सरच्या चाचण्या सुरू झाल्या. मला तिथे दोन वस्तू हातात घ्यायला मिळाल्या. एक होता पांढऱ्या पॉलिथिलीनचा ठोकळा, बोलस म्हणतात त्याला. एका बाजूनं तो यंत्रानं पायऱ्या-पायऱ्यांनी कोरलेला होता. त्या पेशंटच्या गाठीची पलीकडची बाजू जशी होती, तसा तो खळगा होता, म्हणजे किरण तिथेच थांबावेत आणि मागच्या अवयवात घुसू नयेत. दुसरी वस्तू होती रिज फिल्टर, ॲल्युमिनियमच्या बारीक उभ्या कंगोऱ्यांची एक रांग. हे कंगोरे शिखराला गाठीच्या जाडीइतकं रुंद करतात. त्यांचा आकार नुसत्या भौतिकशास्त्रानं ठरलेला नाही. माणसाच्या लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या पेशी कार्बननं किती मरतात हे मोजून, गाठीच्या सगळ्या खोलीवर सारखाच परिणाम होईल अशा हिशेबानं तात्सुआकी कानाई आणि सहकाऱ्यांनी तो काढला.

मात्रा किती द्यायची याला आधार मात्र पेशींचा नव्हता, माणसांचा होता. चिबाच्या त्याच संस्थेत 1975 पासून न्यूट्रॉनचे उपचार झाले होते, आणि त्या पेशंटवरून न्यूट्रॉनचं गुणोत्तर 3 धरलं गेलं होतं. कार्बनचा किरण ज्या बिंदूवर न्यूट्रॉनसारखाच वागतो तो बिंदू शोधून तिथे हा 3 चा आकडा बसवला. रिज फिल्टर हातात घेऊन हे ऐकत असताना मला बर्कलेच्या त्या न भरलेल्या जखमा आठवल्या. एका उपचाराचे पेशंट दुसऱ्या उपचाराचं माप ठरवून गेले होते, आणि ते त्यांच्या कानावरही कधी गेलं नसेल.

चिबातच मी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा निबंध नीट वाचला. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातली ती चाचणी. आजार बराच पुढे गेलेल्या 44 स्त्रिया. मात्रा 52.8 पासून टप्प्याटप्प्यानं 72.8 पर्यंत वाढवत नेली, जैविक वजन लावलेल्या ग्रेमध्ये, 24 भागांत. गाठी चांगल्या आटोक्यात येत होत्या. पण 8 जणींच्या आतड्यांना गंभीर इजा झाली आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. मागे जाऊन पाहिलं तर त्या आठही जणींच्या आतड्याला 60 किंवा त्याहून जास्त मात्रा पोचलेली होती. तेव्हापासून तिथे आतड्याची मर्यादा 60 च्या खाली ठेवली गेली.

निबंधात हे सगळं दोन-तीन वाक्यांत आहे. मी ते वाचलं आणि पुढे जाता येईना. आठ जणींनी लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना आधी काय विचारलं असेल ते मला चांगलं ठाऊक होतं. 60 हा आकडा मी आधीही वाचला होता, उत्तरपत्रिकेत लिहिलाही असता. त्या रात्री मी मावशीला फोन केला. काय बोलायचं ते सुचेना, नुसती तब्येत विचारली. मला वाटतं तिला कळलं असावं, कारण तिनंही उगाच जास्त विचारलं नाही.

मर्यादा ही आकड्यापुरती घेऊन चालत नाही, हे आणखी एका अभ्यासानं शिकवलं. तो इटलीतल्या पविया इथल्या क्नाओ या केंद्राचा. युरोपातली कार्बनची परंपरा जर्मनीतल्या डार्मस्टाटहून आली. तिथे जीएसआय या भौतिकशास्त्राच्या संस्थेत 1997 पासून 2008 पर्यंत सुमारे 440 पेशंटना कार्बन दिला गेला, आणि जैविक परिणामाचा हिशेब त्यांनी लोकल इफेक्ट मॉडेल या स्वतःच्या पद्धतीनं केला. जपानचा हिशेब वेगळा. दोघांच्याही आकड्याला नाव ग्रेच, पण गुणोत्तर काढायची रीत निराळी, त्यामुळे शरीरात तंतोतंत तेवढीच ऊर्जा पडली तरी कागदावर युरोपात एक आकडा येतो आणि जपानात दुसरा. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळत नसे, तसंच हे. धान्य तेवढंच, माप निराळं.

क्नाओनं 2012 साली कार्बन सुरू केला तेव्हा भागांची संख्या आणि उपचाराची पद्धत जपानकडून घेतली, हिशेब मात्र युरोपचा ठेवला. डोळ्याच्या नसेची मर्यादा आली ती जपानच्या आकड्यात: नसेच्या सर्वाधिक मात्रेच्या एक टक्का भागाला 40, आणि वीस टक्के भागाला 28 पेक्षा जास्त नको. जपानी मापातले हे आकडे युरोपी मापानं पाळले तर नसेला गरजेपेक्षा जास्त जपलं जातं. ऐकायला ते चांगलं वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, की जास्त जपलं तर बिघडलं कुठे. पण कवटीच्या तळाशी गाठ नसेला चिकटलेली असते. नस जपायची म्हणजे गाठीच्या त्या काठाला मात्रा कमी द्यायची, आणि गाठ परतते ती बहुधा अशाच उपाशी राहिलेल्या काठावरून. मर्यादा सैल ठेवली तर दृष्टी जाते, फाजील आवळली तर माणूस जातो. मर्यादा जितकी खाली तितकी सुरक्षित ही माझी समजूत इथे संपली.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पवियाच्या संशोधकांनी 38 पेशंटच्या 65 नसा तपासल्या. 2013 आणि 2014 मधले ते पेशंट. निम्म्या पेशंटचा पाठपुरावा जवळजवळ चार वर्षांचा किंवा त्याहून जास्त होता. जुनी मर्यादा पाळलेल्या 56 नसांपैकी एकीचीही दृष्टी गेली नाही. तीन नसांची दृष्टी घसरली, आणि त्या तिन्हींत एक टक्का भागाला युरोपी मापात 71 किंवा त्याहून जास्त मात्रा पोचलेली होती. मग त्यांनी प्रत्येक पेशंटचा प्लॅन पुन्हा उभा केला आणि तीच मात्रा दोन्ही मापांनी मोजली. जपानचे 40 आणि 28 हे युरोपच्या मापात 50 आणि 40 च्या जागी येतात असं दिसलं.

पुढे त्यांनी जे केलं त्यातून मी सर्वात जास्त शिकले. गणित 50 म्हणत असूनही त्यांनी मर्यादा 50 वर नेली नाही. आपल्या पद्धतीत अनिश्चितता आहे, आणि जर्मनीतल्या केंद्रांच्या मर्यादांशीही मेळ राहायला हवा, असं म्हणून ते 45 आणि 37 वर थांबले, आणि ऑक्टोबर 2018 पासून तीच वापरात आणली. गाठीच्या काठाला थोडी मात्रा परत मिळाली, आणि नसेवर जेवढं आपल्याला खरोखर ठाऊक आहे तेवढाच भार टाकला. मोजलेले की ठरवलेले, हा सरांचा प्रश्न मला इथे पुन्हा भेटला. आकडे मोजावे लागतात, आणि मोजून झाल्यावरही कुणीतरी जबाबदारी घेऊन ते ठरवावे लागतात. त्या तीन नसा ज्यांच्या होत्या, त्यांना एका डोळ्यानं कमी दिसू लागलं तरी ते तपासणीला येत राहिले. तक्ता वाचत राहिले, किती ओळी दिसतात ते सांगत राहिले. ते यायचे थांबले असते तर ती इजा कुठेच नोंदली गेली नसती, आणि 71 हा आकडा कुणालाच कळला नसता.

त्यानंतर माझ्या कामात बाहेरून दिसेल असा फरक फार थोडा पडला. लिनॅक तोच आहे, एक्स-रे तेच आहेत. पण आमच्या विभागाच्या तक्त्यात प्रत्येक मर्यादेपुढे मी काही रकाने वाढवले: आकडा कुठल्या अभ्यासातून आला, किती पेशंटवरून, किती भागांच्या उपचारासाठी, आणि त्यांना किती काळ तपासत राहिले होते. काही ओळींत लिहायला फारसं काही मिळालं नाही. त्या ओळींपाशी आम्ही आता जास्त सावध असतो. डॉक्टरांशी बोलताना मी पाळली किंवा मोडली एवढंच सांगत नाही, मर्यादा पाळण्यासाठी गाठीचा कुठला काठ उपाशी राहतो तेही दाखवते. आमचे वरिष्ठ डॉक्टर सुरुवातीला म्हणाले होते, "मॅडम, एवढ्या खोलात गेलं तर प्लॅन कधी संपायचा?" आता त्यांच्याकडूनच आधी विचारणा होते.

पाठपुराव्याचं काम अवघड आहे. आमचे पेशंट चंदगड, जत, आजऱ्याकडून येतात. पहिली दोन वर्षं तपासणीला येतात, मग बरं वाटतंय म्हणून थांबतात. डोळ्याच्या नसेची इजा मात्र त्यानंतरही दिसू शकते. म्हणून नाकाच्या किंवा कवटीच्या तळाच्या गाठीचा उपचार झालेल्यांना आम्ही फोन करतो, जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासून चिठ्ठीचा फोटो तेवढा पाठवा म्हणून सांगतो. बरेच जण पाठवतात. एका आजोबांनी तर चिठ्ठीबरोबर आपल्या उसाच्या फडाचा फोटोही पाठवला, सगळं नीट दिसतंय हे पटावं म्हणून. आमचे आकडे लहान आहेत. पण पवियाच्या अभ्यासात तरी नसा 65 च होत्या.

मावशी गेल्यालाही आता काही वर्षं झाली. तिची नोंद कुठल्याही अभ्यासात नाही. तिचा उपचार झाला तेव्हा असं कुणी विचारत नसे आणि कुणी लिहूनही ठेवत नसे. चिबाच्या त्या आठ जणींची नोंद झाली, आणि त्यांच्या जोरावर नंतरच्या स्त्रियांची आतडी वाचली, हे तिला सांगायचं राहून गेलं.

खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात 2023 पासून प्रोटॉनचे उपचार सुरू झाले आहेत. प्रोटॉनसाठी गुणोत्तर सगळीकडे सरसकट 1.1 धरतात, आणि मर्यादा बहुतेक एक्स-रेच्याच वापरतात. पण प्रोटॉनचा किरण जिथे थांबतो तिथे हे गुणोत्तर 1.1 पेक्षा जास्त असतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. माझ्या हाताखाली शिकून गेलेली एक मुलगी आता प्रोटॉनच्या प्लॅनिंगमध्ये काम करते. मागच्या दिवाळीत तिनं आमचा तक्ता मागून घेतला. परवा तो सुधारून परत पाठवला आहे. माझे सगळे रकाने तिनं ठेवले आहेत आणि एक नवा घातला आहे: नस किरणाच्या शेवटच्या टोकापाशी होती का. तो आम्हीही घेतला आहे, कारण उद्या यातला एखादा पेशंट तिच्याकडे गेला तर नोंद जुळली पाहिजे.